मूल हरवायचे तीस मार्ग

सोमवार, २ सप्टेंबर

नोटीस तिसऱ्यांदा वाचली. अक्षरं तीच! "सर्व पाळणाघरांनी एका महिन्याच्या आत मुलांच्या सुरक्षिततेचा लेखी आराखडा सादर करावा." खाली बालकल्याण खात्याचा शिक्का, सही. कारण दिलेलं नाही. द्यायची गरजही नाही — शहराच्या त्या टोकाच्या पाळणाघरातून एक मूल परस्पर बाहेर पडलं आणि गाडीखाली आलं. चार दिवस झाले. कोणी म्हणतं शुद्धीवर आलंय, कोणी म्हणतं अजून नाही.

ताई म्हणाल्या, "चौदा वर्षांत आपल्याकडे खरचटण्यापलीकडे काही झालेलं नाही. चार ओळी लिही आणि दे पाठवून." पाळणाघर त्यांचं. म्हणजे आता दोघींचं, पण उभं केलं त्यांनी. मी नोकरी सोडून पाच वर्षांपूर्वी आत शिरले. नणंद-भावजय एकत्र काम करतात म्हटलं की लोक भांडणाच्या गोष्टी ऐकायला सरसावून बसतात. सांगण्यासारखं एकही भांडण नाही — माझ्या आईचा अजून विश्वास बसत नाही.

तर चार ओळी. "दारं बंद ठेवावीत. मुलांवर सतत लक्ष ठेवावं." पुढे पेन हलेना. बावीस मुलं, माझी लेक भिंगरी धरून. खाली तीन खोल्या, मागे स्वयंपाकघर, मागचं दार, पंधरा पावलांची गल्ली — आणि मग मोठा रस्ता. सगळं बंदच तर असतं! मग चार ओळी का होईनात?

बुधवार, ४ सप्टेंबर

खात्याने पाळणाघरांसाठी ठेवलेल्या शिबिराला जाऊन आले. कंटाळवाणं असेल म्हणून भरतकाम नेलं होतं. पिशवीतून काढलंच नाही.

शिकवणाऱ्या बाईंचे केस पांढरे, कानापर्यंत कापलेले. तीस वर्षं पंपांच्या कारखान्यात काढलेली बाई. उभी राहिली आणि म्हणाली, "मला मुलं सांभाळण्यातलं काही कळत नाही. अडलेलं डोकं कसं हलवायचं, तेवढं कळतं."

दिवसभर हलवलं. एखादा प्रश्न सुटत नसेल तर तो उलटा करून विचारा. 'चहा चांगला कसा करायचा' यावर सगळे गप्प बसतात. 'चहा वाईट कसा करायचा' म्हटलं की प्रत्येकाला सुचतं. खरंच! दहा मिनिटांत चाळीस प्रकार. मोज्यातून गाळायचा, हेही आलं. खूप हसलो. मग म्हणाल्या, आकडा आधीच ठरवा आणि तो होईपर्यंत उठू नका — "पहिल्या दहा कल्पना डोक्यात आयत्या पडलेल्या असतात. दुसऱ्या दहा ओढूनताणून येतात. जे खरं असतं ते शेवटच्या दहांत लपलेलं असतं." आणि बोलायचं नाही, लिहायचं. बोललं की मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. नाव नाही घालायचं. अक्षर ओळखू यायला नको म्हणून डाव्या हाताने.

शेवटी फळ्यावर त्यांनी आमचा प्रश्न उलटा करून लिहिला.

"मूल कसं हरवता येईल?"

कोणी हसलं नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज बँकेत रांगेत उभी असताना सात मार्ग सुचले. थांबवता येईना.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

मुलं निजल्यावर पावणेदोनला आम्ही पाचजणी मधल्या खोलीत बसलो, त्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे छातीशी. ताई. मावशी — स्वयंपाकघर आणि साफसफाई त्यांच्याकडे, ताईंबरोबर पहिल्या दिवसापासूनच्या. मास्तरीणबाई — शाळेतून निवृत्त झाल्या, घरी करमेना म्हणून आमच्याकडे चार वर्षांच्यांना बघतात. आणि बडबडी. तेवीस वर्षांची, तोंडाला विश्रांती नाही. मुलं तिच्यावर जीव टाकतात.

प्रश्न सांगितला.

मावशी म्हणाल्या, "असलं अभद्र कशाला तोंडातून काढायचं?" बडबडी चक्क गप्प झाली! डाव्या हाताने लिहायचं म्हटल्यावर मास्तरीणबाई उसळल्या, "माझ्या अक्षराला जन्मात कोणी नाव ठेवलं नाही. आता म्हातारपणी कोंबडीचे पाय काढू?" त्यावर सगळ्या हसल्या, जरा सैल झाल्या. प्रत्येकीला सहा चिठ्ठ्या. पाच सक तीस.

मी शब्द दिला — कोणी काय लिहिलं ते मी कधीही विचारणार नाही. शिजवायच्या पातेल्यात चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या तीन-तीन भराभर पडल्या. मग पेनं थांबली. चौथी. पाचवी. शेवटच्या चिठ्ठीला फार वेळ लागला. पलीकडून मुलांच्या श्वासांचा आवाज येत होता. मला वाटलं, त्यांना ऐकू जातंय आपण काय लिहितोय ते.

शनिवार, ७ सप्टेंबर

पातेलं वर घरी आणलं, जेवणाच्या टेबलावर ओतलं, वाचत बसले.

बाईंनी सांगितलं होतं तसंच. वरच्या चिठ्ठ्या सगळ्यांच्या सारख्या — गेट उघडं, कडी सैल, खिडकीचे गज. मग हळूहळू अंगावर यायला लागलं. "फिरायला नेताना मोजलेली मुलं परत येताना मोजायची राहतील." "मूल 'आजोबा' म्हणून हाक मारेल आणि आपण त्या माणसाच्या ताब्यात देऊ." "धुण्याच्या मोठ्या टोपलीत लपेल, वर आपण चादरी टाकू." "मी बोलत असेन तेव्हा." — ही कोणाची ते डाव्या हातातूनही कळलं.

आणि एक.

"दुधाचा क्रेट आत घेताना मागचं दार नुसतं लोटलेलं राहिलं. मूल बाहेर गेलं. रस्त्यापलीकडे सापडलं. अकरा मिनिटं."

पुन्हा वाचली.  बाकीच्या एकोणतीस चिठ्ठ्यांत 'जाईल', 'राहील', 'उघडेल'. ह्या एकीत 'गेलं'. 'राहिलं'. 'सापडलं'.

हे सुचलेलं नाही. हे झालेलं आहे.

सोमवार, ९ सप्टेंबर

ताईंना चिठ्ठी दाखवली. हातात घेऊन वाचली. मग म्हणाल्या, "जाळून टाक." 

"अहो पण —"

"कोणाला तरी सुचलं, तसं लिहिलं. व्याकरण कसलं तपासतेस? चौदा वर्षांचं नाव आहे. एक चिठ्ठी बाहेर गेली तर आठवड्यात कुलूप लागेल."

चिठ्ठी मी परत घेतली. त्यांनी लगेच सोडली नाही. थोडी ओढावी लागली.

नवऱ्यालाही सांगितलं. तो शांत माणूस, बहिणीसारखा तापत नाही. म्हणाला, "मूल सापडलं ना? काही झालं नाही ना? मग त्या आईला आता कशाला घाबरवायचं? कळून तिला काय मिळणार?" 

त्याचं म्हणणं बरोबरही वाटलं. तरी जेवण गेलं नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

शिबिराच्या बाईंची आणखी एक रीत — ज्याच्याबद्दल विचार करताय ते व्हा. पंप बिघडला की त्या म्हणे डोळे मिटून स्वतः पाणी व्हायच्या, आणि कुठे अडतंय ते शोधायच्या. मी आज मूल झाले. सकाळी सातला, कोणी यायच्या आत, गुडघ्यांवर रांगत तिन्ही खोल्या फिरले.

खालून घर वेगळंच आहे! कपाटाच्या खालच्या फळीची धार बरोबर डोळ्याच्या उंचीला. टेबलाखालून पुढचं दार दिसतच नाही. दिसतं फक्त मागचं — स्वयंपाकघरातून येणारा उजेडाचा पट्टा, थेट. रांगणाऱ्याला, दुडदुडणाऱ्याला ओढून नेणारा. तिकडेच गेले. कडी माझ्या डोक्यावर होती. पण दार लोटलेलं असलं तर कडीचं काम काय? आधीच लोटून ठेवलेलं दार बोटाने ढकललं. उघडलं. आवाजसुद्धा झाला नाही.

गल्लीत रांगले नाही. भीती वाटली. उभी राहिले, मोठी झाले, आत आले.

बुधवार, ११ सप्टेंबर

कोणाचं मूल? आणि कधी? मी असताना दूध मीच मोजून घेते. म्हणजे मी नसताना. म्हणजे मंगळवारीच, मंगळवारी मी घाऊक बाजारात जाते, बाराला परत येते. आणि क्रेट उचलतात मावशी.

नावं लिहून काढली. ही बावीस जमली त्याला चार महिने झाले, तेवढ्यांत मंगळवारी कोण कोण होतं, हजेरीवरून. जुळ्या. चष्मेवाला. बोट चोखणारी. भिंगरीवर आधी काट मारली — तिचं असतं तर मला सांगितलं असतंच की! उरली एकवीस. कोणीही असू शकतं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

दहा वाजता, दूध येतं त्या वेळेला, मागच्या गल्लीतून बाहेर पडले आणि रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहिले. घड्याळ लावलं. अकरा मिनिटं.

नऊ बस. ट्रक चार. दुचाक्या मोजायच्या सोडून दिल्या. एक बस थांब्यावर न थांबता गेली, तिच्या वाऱ्याने माझी ओढणी तोंडावर आली. अकरा मिनिटं फार मोठी असतात. सहाव्या मिनिटाला मला वाटलं, झाली असतील.

मागे सायकल दुरुस्तीचं दुकान, शिंपी, झेरॉक्सवाला. विचारलं असतं, 'इथे कधी लहान मूल आलं होतं का' — तर कळलं असतं. तिघांपैकी कोणीतरी सांगितलं असतं.

विचारलं नाही. घरी आले.

दुपारी मग 'का'ची रीत. एकाच गोष्टीला पाच वेळा 'का' विचारायचं, आणि माणसाचं नाव उत्तर म्हणून चालत नाही.

दार लोटलेलं का राहिलं? क्रेट दोन्ही हातांत, कडी लावायला हात मोकळा नाही. क्रेट मागून का? पुढची फरशी तेव्हा ओली असते. दहाला ओली का? साडेनऊपर्यंत मुलं येतात, पावलं उमटतात, ती पुसतात. लगेच का पुसतात? दहानंतर नवे पालक जागा बघायला येतात, तेव्हा फरशी चकचकीत हवी. हे का ठरलं? मी ठरवलं म्हणून. दोन वर्षांपूर्वी. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद आहे, माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारलेल्या.

मग दुसरा प्रश्न घेतला. मला सांगितलं का नाही? भीतीने. भीती का? कारण गेल्या वर्षी आमच्याकडे कामाला असलेल्या एका मुलीच्या देखत घसरगुंडीवरून पोर पडलं, ओठ फाटला. ती मुलगी स्वतः येऊन मला सांगून गेली, आणि तासाभरात मी तिला कामावरून काढलं.

इथे तिसरा 'का' होता. तो विचारला नाही.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आज चुकले मी.

दहाला क्रेट आला. मावशी उचलायला वाकल्या, मी मध्ये गेले. "राहू द्या, आजपासून मी घेईन."

"का हो?"

"तुमच्या कंबरेसाठी."

मावशी सरळ उभ्या राहिल्या. "कंबर माझी आहे. कशी आहे ते मला ठाऊक आहे." मग आवाज खाली आणून, "काही विचारायचं असेल तर तोंडावर विचारा. चौदा वर्षं उचललेला क्रेट असा हातातून काढून घेऊ नका."

मी शब्द दिलेला — विचारणार नाही. म्हणून विचारलं नाही. पण न विचारता जे केलं ते विचारण्याहून वाईट! दिवसभर त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. संध्याकाळी जाताना डबा विसरल्या, तो द्यायला मी पळत गेले, तर "ठेवा परत, उद्या नेईन" म्हणाल्या.

शनिवार, १४ सप्टेंबर

आराखड्याचं काम मात्र झरझर पुढे जातंय. भीतीची काय ही तऱ्हा!

शब्दकोश डोळे मिटून उघडायचा, बोट ठेवायचं, तो शब्द आपल्या प्रश्नाला जोडायचा — हीही त्या बाईंचीच रीत. पहिला शब्द आला 'भोपळा'. काही जोडता आलं नाही, भोपळाच मिळाला. दुसरा 'जोडा'. जोडा, जोडी, दोन... मुलांचे बूट! प्रत्येकाच्या बुटांना एक खण, वर फोटो. तासातासाला मुलं मोजायची आणि भरलेले खणही मोजायचे — दोन आकडे जुळलेच पाहिजेत. तिसरा शब्द 'शेळी'. बराच वेळ शेळीकडे बघत बसले. शेळीच्या गळ्यात घंटा. मागच्या दाराला घंटा! आणि दार आपोआप मिटायला स्प्रिंग.

सुताराला बोलावून आजच दोन्ही लावून घेतलं. क्रेट यापुढे पुढच्या दाराने, फरशी दुपारी पुसायची. भिंतीवरचा माझा कागद मीच फाडला.

घंटा वाजली की माझं काळीज लटकन हलतं. आज सोळा वेळा हललं.

सोमवार, १६ सप्टेंबर

आराखडा पुरा झाला. चार ओळींऐवजी नऊ पानं. पण शेवटच्या पानावर छापील प्रश्न आहे — "यापूर्वी असा प्रसंग घडला आहे काय?" त्यापुढे रिकामी रेघ.

'नाही' लिहिलं तर सगळं आटोपतं.

'होय' लिहायचं तर पालकांना आधी सांगावं लागेल. त्यांना खात्याकडून कळू द्यायचं? छे!

पत्र लिहायला बसले. जमेना. म्हणून आधी मुद्दाम वाईट पत्रं लिहिली, तीही त्याच शिबिरातली युक्ती — वाईट लिहून टाकलं की हात मोकळा होतो. "प्रिय पालक, आपले मूल हरवले होते, पण काळजी नसावी." "प्रिय पालक, एकवीसपैकी एक." "प्रिय पालक, आमचे चुकले, पण आमचे नेमके कोणाचे ते आम्हांस ठाऊक नाही." हसू आलं. सातवं पत्र बरं झालं. त्यात एकही 'पण' नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

मुलं निजल्यावर चौघींना पत्र वाचून दाखवलं.  "आपल्याकडे पूर्वी एक मूल मागच्या दाराने बाहेर गेले व रस्त्यापलीकडे सापडले. ते कोणते, हे आम्हांला ठाऊक नाही. ही गोष्ट मला कोणी सांगू शकले नाही, याला मी जबाबदार आहे."

बडबडी रडायला लागली. "मी नाही, खरंच मी नाही!" मास्तरीणबाई तिला म्हणाल्या, "कोणी विचारलंय तुला? नाक पूस." मावशी माझ्याकडे रोखून बघत राहिल्या.

ताई उठल्या. "तू हे पाठवलंस तर मी उद्यापासून पाळणाघरात येणार नाही."

"मग मी एकटी देईन, ताई."

त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. 

गुरुवार, १९ सप्टेंबर

दिलं.

संध्याकाळी पाचपासून गेटपाशी उभी राहून, एकेकाच्या हातात. वाटलं होतं, आरडाओरडा होईल. झालाही थोडा. चष्मेवाल्याच्या वडिलांनी हेल्मेट गेटवर आपटलं. पण ते सोपं होतं. जे झालं त्याची तयारीच नव्हती —

बोट चोखणारीची आई म्हणाली, "माझीच होती ना? खरं सांगा. दोन महिने झाले, रस्त्यात हात सोडत नाही." 

मागोमाग जुळ्यांचे बाबा. "आमच्यातली धाकटी. हॉर्न वाजला की कान दाबते. मी म्हणतच होतो बायकोला!"

मग एक आजी. "आमचा झोपेत दचकतो. मे महिन्यापासूनच. मेमध्ये झालं ना हे? मेमध्येच ना?"

प्रत्येकाकडे पुरावा होता. प्रत्येकाला आपल्याच मुलाच्या अंगावर त्या अकरा मिनिटांची खूण सापडली. आणि मी प्रत्येकाला तेच — "मला माहीत नाही हो. खरंच माहीत नाही." एक मूल हरवलं होतं, अकरा मिनिटं. मी आज एकवीस हरवली, आणि शोधून द्यायला माझ्याकडे काही नाही.

ताई त्यांच्या खोलीच्या खिडकीत उभ्या होत्या. पडदा हलला तेव्हा दिसल्या. सगळं ऐकू जात असणार.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आठ मुलं आली. बुटांचे बाकीचे खण रिकामे.

दुपारी मावशींकडे गेले, म्हटलं, "त्या दिवशी तुमच्या हातातून क्रेट काढून घेतला. संशय घेतला. माफ करा." त्या भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, "मी असते तर दार उघडं राहिलं नसतं." एवढंच. मी तिथेच उभी राहिले. मी असते तर? म्हणजे त्या नव्हत्या? विचारायला तोंड उघडलं, पण त्या पातेलं घेऊन मोरीकडे गेल्या.

खोलीत आठच मुलं, पण मी दिवसभर बावीस मोजत होते.

शनिवार, २१ सप्टेंबर

ताई वर आल्या. बसल्या नाहीत.

"फोन कर सगळ्यांना. सांग, तुमचं नव्हतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"मावशी त्या मंगळवारी रजेवर होत्या. क्रेट मी घेतला. तेवढ्यात फोन आला. अकरा मिनिटं बोलत होते मी." भिंतीकडे बघत म्हणाल्या, "भिंगरी होती. सायकलच्या दुकानात सापडली, टायरवर बसलेली. उचलून आणली. तू बाराला आलीस तेव्हा जेवत होती. तुला रोज सांगणार होते. लिहिता आलं, बोलता नाही आलं."

मी फोन उचलला. 

एकवीस फोन केले. एकवीस वेळा म्हटलं, "तुमचं नव्हतं." कोणी रडलं, कोणी देवाचं नाव घेतलं, कोणी पुढचं न ऐकता ठेवून दिला. मग कोणाचं होतं, हे एकानेही विचारलं नाही.

एका हाताने लिहितेय. भिंगरी मांडीवर आहे, खाली उतरू देत नाही म्हणून ओरडतेय. ताई खाली त्यांच्या खोलीत दार लावून बसल्यात. त्यांच्या भावाला अजून काही माहीत नाही.

पावणेसहा झाले. तो सहाला येतो.